ॲटमायझरची निगा : एका अल्पायुषी कारागिरीचा इतिहास

इलेक्ट्रॉनिक सिगारेटचा इतिहास सामान्यतः तिचा शोध, तिची बाजारपेठ आणि तिच्यावरील निर्बंध या तीन अंगांनी सांगितला जातो. हे उपकरण टिकावे म्हणून ते वापरणाऱ्यांनी जी खटपट केली, तिची दखल या मांडणीत क्वचितच घेतली जाते. या खटपटीच्या केंद्रस्थानी ॲटमायझर होता. द्रव शोषून घेणारी वात आणि तिच्याभोवती गुंडाळलेले, विजेने तापणारे तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, यांचा मिळून हा भाग बनतो आणि निकोटीन व सुगंधी द्रव्ये मिसळलेल्या द्रवाची वाफ येथेच तयार होते. या शतकाच्या पहिल्या दीड दशकात ॲटमायझर धुणे, भाजणे, उघडणे आणि नव्याने बांधणे यांची एक स्वतंत्र कारागिरीच उभी राहिली. ती कारखानदारांनी शिकवलेली नव्हती. त्यांच्या वस्तूतील उणिवांतून ती जन्मली, पुढे कारखानदारांनीच ती आपल्या रचनांत सामावून घेतली आणि अखेर त्यांच्याच नव्या रचनांनी तिला निरुपयोगी ठरवले.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या हर्बर्ट गिल्बर्ट यांनी 1963 मध्ये धूररहित सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1965 मध्ये त्यांना ते मिळाले, परंतु ती वस्तू बाजारात आली नाही. आजच्या उपकरणाची परंपरा चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांच्यापासून सुरू होते. त्यांच्या 2003 च्या आराखड्यात द्रवाचे सूक्ष्म थेंब करण्यासाठी श्राव्यातीत ध्वनिलहरी, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू न येणारी अतिवेगवान कंपने, वापरण्याची कल्पना होती. ‘रुयान’ या नावाने हे उपकरण 2004 मध्ये चीनमध्ये विक्रीस आले आणि 2006-07 च्या सुमारास युरोप व अमेरिकेत पोहोचले. प्रत्यक्ष बाजारात मात्र लवकरच ध्वनिलहरींची जागा तापणाऱ्या तारेने घेतली, कारण ती स्वस्त होती आणि शेन्झेनमधील कारखान्यांना ती मोठ्या प्रमाणावर बनवणे सोपे होते. निगेचा प्रश्न या बदलातूनच उभा राहिला, कारण तापलेल्या धातूवर द्रव उडताना मागे काहीतरी उरतेच.

हे उरणारे काय असते, हे समजण्यासाठी द्रवाची घडण पाहावी लागते. प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन हे त्याचे मुख्य घटक होत. पहिला सुमारे 188 अंश सेल्सिअसला उकळतो, तर दुसरा सुमारे 290 अंशांना. द्रव वातीतून केशाकर्षणाने, म्हणजे बारीक तंतूंमधून आपोआप चढत, कॉइलपर्यंत येत असतो तोवर तारेचे तापमान आटोक्यात राहते. परंतु गोडी आणणारी सुक्रालोजसारखी द्रव्ये आणि जड सुगंधी घटक यांची वाफ पूर्णपणे होत नाही आणि ते तारेवर काळ्या, कडक थराच्या रूपाने साचत जातात. समईच्या वातीवर काजळी धरली की तेल असूनही ज्योत मंदावते, तसेच येथे घडते : द्रव भरपूर असूनही वाफ कमी होते. तेव्हा वापरणारा कळ अधिक वेळ दाबून धरतो, वात कोरडी पडते, द्रव जळू लागतो आणि घशाला खरखरीत, करपट चव लागते. या अवस्थेत ॲक्रोलीन आणि फॉर्माल्डिहाइड यांसारखी घातक द्रव्ये वाढत असल्याने, साफसफाईचा प्रश्न केवळ चवीचा किंवा खर्चाचा नव्हता.

सुरुवातीची उपकरणे बॅटरी, ॲटमायझर आणि द्रवाने भिजवलेला बोळा ठेवलेली नळी अशा तीन भागांची असत. बोळ्यातील द्रव कॉइलपर्यंत नेण्यासाठी ॲटमायझरच्या तोंडाशी धातूच्या जाळीची छोटी कमान बसवलेली असे, आणि घाण प्रथम तेथेच अडके. कारखानदारांच्या दृष्टीने ॲटमायझर ही काही आठवड्यांनी टाकून द्यायची वस्तू होती, तर सुट्या भागांसाठी परदेशातून येणाऱ्या टपालाची वाट पाहणाऱ्या ग्राहकाला ते परवडणारे नव्हते. म्हणून बंद ॲटमायझर न उघडता स्वच्छ करण्याच्या पद्धती निघाल्या. गरम पाणी आरपार सोडणे, इथाइल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवणे, उलट बाजूने फुंकर घालून उरलेला द्रव काढणे आणि पूर्ण वाळल्यावर बॅटरीला जोडून थोड्या थोड्या वेळाने तार लाल होईपर्यंत तापवणे, असा त्यांचा क्रम असे. शेवटच्या कृतीला ‘ड्राय बर्न’, म्हणजे कोरडे भाजणे, म्हणत. तीत साचलेला थर जळून राख होई आणि त्या काळच्या वाती काचतंतूच्या किंवा सिलिकाच्या असल्यामुळे त्या जळून जात नसत. काहींनी यासाठी सोनार आणि चष्मेवाले वापरतात ती श्राव्यातीत कंपनांची धुण्याची यंत्रे घरी आणली, आणि होन लिक यांच्या आराखड्यातून बाद झालेल्या ध्वनिलहरी अशा रीतीने सफाईच्या मार्गाने या क्षेत्रात परतल्या.

निगेचा दुसरा भाग जोडणीच्या आट्यांशी संबंधित होता. जॉयटेक या चिनी कंपनीच्या ‘510’ नावाच्या उपकरणातील सात मिलिमीटर व्यासाची आट्यांची जोडणी पुढे जवळजवळ सर्वमान्य झाली आणि मूळ उपकरण बाजारातून गेल्यावरही टिकली. या जोडणीच्या मध्यभागी विद्युतप्रवाह नेणारी एक बारीक टाचणी असते आणि तिच्याभोवती रबराचे किंवा प्लास्टिकचे रोधक कडे असते. गळलेला चिकट द्रव आट्यांत आणि टाचणीवर साचला की रोध वाढतो, प्रवाह अडखळतो आणि कॉइल निकामी झाल्याचा भास होतो. त्यामुळे कापूस गुंडाळलेली काडी अल्कोहोलमध्ये बुडवून आटे पुसणे आणि जास्त आवळल्यामुळे आत दबलेली टाचणी अलगद वर काढणे हा निगेचा नित्याचा भाग बनला. चांगला ॲटमायझर फेकून दिला जाण्याचे एक कारण या साध्या कृतीने दूर होत असे.

साफसफाईतून पुढची पायरी साहजिकच बांधणीची होती, कारण धुऊनही न सुधारणारा ॲटमायझर उघडला की त्यात फेकण्याजोगी फक्त तार आणि वात असल्याचे दिसून येई. 2012 च्या आसपास जर्मनीतील ‘कायफन’सारखे पुन्हा बांधता येणारे ॲटमायझर प्रसिद्धीस आले, त्यांत धातूच्या बैठकीवर दोन खांब आणि स्क्रू असत, आणि कॉइल वापरणाऱ्याने स्वतः वळून बसवायची असे. त्यासाठी कांथल ही लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूची तार रूढ झाली. औद्योगिक भट्ट्यांसाठी स्वीडनमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तयार झालेली ही तार तापल्यावर तिच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा रोधक थर धरते. काही रचनांत पोलादी जाळीची गुंडाळी वात म्हणून वापरली जाई, आणि तार तिला टेकून विद्युतप्रवाह भलतीकडे वळू नये म्हणून ती जाळी आधी ज्योतीवर वारंवार तापवून तिच्यावर ऑक्साइडचा थर आणला जाई. पुढे कापसाने सिलिकाला मागे सारले. कापूस द्रव झपाट्याने ओढतो, पण भाजणे सोसत नाही. त्यामुळे जुनी वात उपटून काढायची, उघडी तार तापवून पाण्याखाली धरायची आणि नवा कापूस ओवायचा, अशी पद्धत पडली. वात अल्पायुषी आणि तार दीर्घायुषी, अशी ही नवी वाटणी होती.

या पद्धतीच्या मर्यादाही लवकरच पुढे आल्या. ग्रीक हृद्रोगतज्ज्ञ कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस यांनी 2015 मध्ये तार लाल होईपर्यंत भाजल्याने धातूची रचना बिघडते, असे सांगून ही कृती टाळण्याचा सल्ला दिला आणि त्यावरून बराच वाद झाला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी 2018 मध्ये 56 व्यक्तींच्या उपकरणांची तपासणी केली, तेव्हा बाटलीतील द्रवात अत्यल्प असलेले शिसे, निकेल आणि क्रोमियम कॉइलच्या संपर्कानंतर द्रवात आणि वाफेत वाढलेले आढळले; शिवाय वारंवार बदलल्या जाणाऱ्या कॉइलमधून ते अधिक येत असल्याची चिन्हे होती. जुनी कॉइल करपते आणि नवी धातू सोडते, अशा या पेचामुळे निगेने उपकरणाचे आयुष्य वाढत असले, तरी ते ओढणाऱ्याला सुरक्षितता मिळत नव्हती.

या कारागिरीचा ऱ्हास मात्र आरोग्याच्या चिंतेपेक्षा सोयीमुळे झाला. कारखानदारांनी प्रथम बदलता येणारी तयार कॉइल आणली, आणि 2015 मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘जूल’ने वात, तार आणि द्रव एका बंद कुपीत एकत्र केले, कुपी संपली की ती टाकायची, त्यामुळे धुण्याचा प्रश्नच उरला नाही. त्यानंतर आलेल्या एकवार वापराच्या उपकरणांत तर लिथियमची बॅटरीही कॉइलबरोबर कचऱ्यात जाऊ लागली.

भारतात हा प्रवास 2019 च्या कायद्याने तोडला. त्या वर्षीच्या सप्टेंबरमधील अध्यादेशाने आणि पाठोपाठच्या अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आली. बंदीत तिच्या सुट्या भागांचाही समावेश असल्यामुळे महाराष्ट्रात अशा दुरुस्तीला उघड बाजारपेठ राहिली नाही. ब्रिटनने वेगळा मार्ग धरला. तेथे 1 जून 2025 पासून एकवार वापराच्या उपकरणांच्या विक्रीस बंदी असून, पुनर्वापराचे म्हणवणाऱ्या उपकरणाची बॅटरी पुन्हा भारित करता आली पाहिजे, द्रव पुन्हा भरता आला पाहिजे आणि कॉइल ग्राहकाला बदलता आली पाहिजे, अशी अट आहे. पूर्वी हौशी वापरणाऱ्यांनी पदरमोड करून जे साधले, त्यातील एक अंश अशा प्रकारे कायद्याच्या कलमात आला. परंतु कायदा कॉइल बदलण्याची सोय मागतो, ती धुण्याची किंवा बांधण्याची नव्हे, आणि संपूर्ण कुपी बदलूनही ही अट पुरी होऊ शकते. टिकाऊपणाचे माप आता कॉइल किती दिवस चालते हे नसून किती लिथियम आणि तांबे कचऱ्यात जाते हे झाले आहे, आणि ते माप राखण्याची जबाबदारी वापरणाऱ्याच्या हातून निघून नियामकाकडे गेली आहे.