नॉइज कॅन्सलिंग हेडफोन

बाहेरच्या गोंगाटावर त्याच्याच मापाचा, पण नेमका उलटा आवाज सोडून तो कानापाशीच बराचसा विरवून टाकणारे हेडफोन. डोक्यावरून घालायचे मोठे कप आणि कानात बसणारे चिमुकले इअरबड, अशा दोन्ही रूपांत ते मिळतात. विमानाच्या इंजिनाची घरघर, धावत्या बसचा घुमारा, घरातल्या एसीची अखंड गुणगुण अशा सलग, खर्जातल्या आवाजांवर त्यांचा प्रभाव सर्वांत जास्त पडतो. वैमानिकांसाठी विकसित झालेले हे तंत्र आज दोन हजार रुपयांच्या आसपासच्या इअरबडमध्येही येऊन पोहोचले आहे. मात्र या हेडफोनचा खरा लाभ शांततेपेक्षाही कानांच्या आरोग्यात आहे आणि त्याकडे खरेदी करताना क्वचितच पाहिले जाते.

कार्यपद्धती : आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. एका लहरीचा चढ जिथे आहे तिथेच दुसऱ्या लहरीचा तेवढाच उतार आणून ठेवला, तर दोन्ही मिळून दाब जवळपास स्थिर राहतो आणि कानाला काही ऐकू येत नाही. भौतिकीत याला विनाशी व्यतिकरण म्हणतात. हेडफोनच्या बाहेरच्या अंगाला बसवलेला सूक्ष्म मायक्रोफोन गोंगाट टिपतो, आतली चिप त्याची उलटी लहर तयार करते आणि गाणे वाजवणारा स्पीकरच ती लहरही कानात सोडतो. कपाच्या आत आणखी एक मायक्रोफोन असेल, तर तो किती आवाज शिल्लक राहिला हे पाहून चिपला दुरुस्ती करायला लावतो. चांगल्या हेडफोनमध्ये हे दोन्ही मायक्रोफोन असतात.

वेळेचे गणित फार काटेकोर असते. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. बाहेरच्या मायक्रोफोनपासून आतल्या स्पीकरपर्यंतचे दोन सेंटिमीटर तो सुमारे ६० मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या ६० दशलक्षांश भागात ओलांडतो. टिपणे, उलटवणे आणि वाजवणे ही तिन्ही कामे तेवढ्यात उरकली पाहिजेत. समजा, उलटी लहर ६० मायक्रोसेकंद उशिरा निघाली. १०० हर्ट्झच्या घरघरीचे एक आवर्तन १०,००० मायक्रोसेकंदांचे असते. तिथे हा उशीर किरकोळ ठरतो. ५,००० हर्ट्झच्या कर्कश आवाजाचे आवर्तन मात्र अवघे २०० मायक्रोसेकंदांचे. तिथे उलटी लहर जवळजवळ एकतृतीयांश आवर्तनाने मागे पडते आणि आवाज मारण्याऐवजी त्यात भरच घालते.

म्हणूनच ही इलेक्ट्रॉनिक करामत मुख्यतः १,००० हर्ट्झच्या खालच्या आवाजांपुरती वापरली जाते. त्यावरच्या आवाजांना अडवण्याचे काम कपाची जाड गादी किंवा इअरबडची रबरी टोपी करते. उलट, खर्जापुढे गादी हतबल असते: १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेतीन मीटर, तिला बोटभर फोमचा अडथळा तो काय होणार? एकाची उणीव दुसरे भरून काढते, अशीच या हेडफोनची बांधणी आहे.

इतिहास : आवाजाने आवाज मारण्याची कल्पना हेडफोनपेक्षा बरीच जुनी. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पाउल ल्यूग यांना तिच्यासाठी १९३६ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले. नळीतून जाणारा ध्वनी मायक्रोफोनने टिपून पुढच्या टप्प्यावर त्याची उलटी लहर सोडायची, अशी ती रचना होती. तेवढ्या चपळाईने काम करणारी इलेक्ट्रॉनिक साधने त्या काळी नव्हती. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत हॅरी ओल्सन आणि एव्हरेट मे यांनी ‘इलेक्ट्रॉनिक ध्वनिशोषक’ तयार करून दाखवला. विमानातल्या किंवा गाडीतल्या आसनामागे असे उपकरण ठेवून डोक्याभोवतीचा गोंगाट कमी करता येईल, असे त्यांनी सुचवले होते.

हेडफोनच्या इतिहासाला वळण दिले ते अमर बोस (१९२९–२०१३) यांनी. त्यांचे वडील ननीगोपाल बोस हे बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक. ब्रिटिशांच्या तुरुंगवासानंतर ते अमेरिकेला गेले. अमर यांचा जन्म फिलाडेल्फियाचा. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजेच एमआयटीत, त्यांनी चार दशकांहून अधिक काळ अध्यापन केले आणि १९६४ मध्ये स्वतःच्या नावाची ध्वनिउपकरणांची कंपनी काढली. १९७८ मध्ये झुरिकहून बॉस्टनला येताना त्यांनी विमानात दिलेले हेडफोन कानाला लावले, तर संगीतापेक्षा इंजिनच जास्त ऐकू येऊ लागले. वही काढून त्यांनी तिथेच आकडेमोड सुरू केली आणि प्रवास संपेपर्यंत उपायाचा गणिती पाया मांडला.

त्या आकडेमोडीपासून विक्रीयोग्य वस्तूपर्यंत पोहोचायला अकरा वर्षे लागली. डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटन आणि जीना येगर यांनी ‘व्हॉयेजर’ विमानातून, कुठेही न उतरता आणि वाटेत इंधन न भरता, नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. इंजिनाच्या अखंड माऱ्यापासून कान वाचावेत म्हणून त्यांच्याकडे बोस कंपनीचे प्रायोगिक हेडसेट होते. १९८९ मध्ये कंपनीने वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आणला. त्याच दशकात जर्मनीची झेनहायझर कंपनीही लुफ्तांझाच्या वैमानिकांसाठी अशाच हेडसेटवर काम करत होती.

सामान्य प्रवाशाच्या हाती हे तंत्र ठळकपणे आले ते २००० साली, बोसच्या ‘क्वायटकम्फर्ट’ या हेडफोनमुळे. पुढे ब्लूटूथ आले, चिप लहान झाल्या आणि स्पर्धा वाढली. सोनीने २०१६ मध्ये ‘एमडीआर-१०००एक्स’ आणून बोसला तगडे आव्हान दिले. ऑक्टोबर २०१९ मध्ये ॲपलचे ‘एअरपॉड्स प्रो’ आले आणि कानाच्या भोकात मावणाऱ्या वस्तूकडूनही लोक हीच अपेक्षा करू लागले.

मर्यादा : अचानक उठणारा आणि सतत बदलणारा आवाज या हेडफोनला नीट आवरत नाही. रिक्षाचा हॉर्न, भांडे पडल्याचा खणखणाट, बाळाचे रडणे, शेजारच्या आसनावरच्या गप्पा हे सगळे दबते, पण नाहीसे होत नाही. किंबहुना मागची घरघर गेल्यामुळे कित्येकदा शेजाऱ्याचे बोलणे जास्त स्पष्ट ऐकू येते. वाऱ्याचा झोत थेट मायक्रोफोनवर आला की फडफड सुरू होते, म्हणून अनेक हेडफोनमध्ये वाऱ्यासाठी वेगळी सोय असते. काहींना कानात दडे बसल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात कानावरचा हवेचा दाब बदललेला नसतो. चष्म्याच्या जाड काड्यांमुळे गादी आणि कातडी यांच्यात फट राहिली तरी खर्ज आत शिरतो आणि परिणाम उणावतो.

श्रवणरक्षक म्हणून प्रमाणित केलेल्या साधनाची जागाही हे हेडफोन घेऊ शकत नाहीत. गणेशोत्सवात ढोल-ताशा पथकात वादन करणाऱ्यांभोवती शंभर डेसिबेलच्या पुढे जाणारा आवाज असतो. ढोलाचा प्रत्येक ठोका हा अचानक बसणारा मोठा धक्का असतो आणि ताशाचा कडकडाट उंच पट्टीतला. दोन्ही बाबतींत उलट्या लहरीचा डाव तोकडा पडतो. अशा ठिकाणी फोमचे इअरप्लग किंवा कारखान्यात वापरतात तसे इअरमफ घालावेत. रस्ता ओलांडताना, फाटकाशी किंवा फलाटाच्या कडेला उभे असताना गोंगाट विरवण्याची ही सोय बंद ठेवणे हा तर जिवाचा प्रश्न आहे.

खरेदी आणि निगा : भारतीय बाजारात एएनसी आणि ईएनसी या दोन आद्याक्षरांच्या घोटाळ्यात पुष्कळ ग्राहक सापडतात. एएनसी म्हणजे वर वर्णन केलेले तंत्र. त्याचा लाभ हेडफोन घालणाऱ्याला होतो. ईएनसी फक्त फोनवर बोलतानाच्या मायक्रोफोनसाठी असते. आपल्या मागचा गोंगाट पलीकडच्या माणसाला कमी ऐकू जावा, एवढेच त्याचे काम. खोक्यावर ईएनसी वाचून घेतलेले इअरबड विमानात शांतता देतील, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

डेसिबेलचा आकडाही समजून घ्यावा लागतो. २० डेसिबेलची घट म्हणजे ध्वनीची ऊर्जा शंभरातला एक भाग उरणे. जाहिरातीतला आकडा बहुधा सर्वांत अनुकूल कंप्रतेवर मिळालेला असतो. सगळ्या आवाजांना तो लागू पडत नाही. दुकानात पारखायचे तर एसीजवळ उभे राहून सोय चालू-बंद करून पाहावी. इअरबडसोबत येणाऱ्या लहान-मोठ्या टोप्यांतून आपल्या कानात गच्च बसणारी निवडणे फार महत्त्वाचे, कारण टोपी सैल बसली तर महागडी चिपही फारसे काही करू शकत नाही. वापराने गाद्यांचे आवरण सोलवटते, फोम दबतो. बदलता येणाऱ्या गाद्या असलेला हेडफोन त्यामुळे जास्त वर्षे टिकतो. लांबच्या विमानप्रवासाला निघताना तारेची सोय असलेला हेडफोन आणि आसनावरच्या दोन भोकांच्या जोडणीचा अडॅप्टर जवळ असावा, कारण आसनासमोरच्या पडद्याला ब्लूटूथ असेलच असे नाही.

श्रवण आणि आरोग्य : विमानाच्या किंवा बसच्या गोंगाटात साधे इअरफोन घातले की गाणे ऐकू यावे म्हणून हात आपोआप आवाज वाढवतो आणि गोंगाटावर गाण्याचाही भार कानावर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एक अब्जाहून अधिक तरुणांच्या श्रवणशक्तीला असुरक्षित ऐकण्याच्या सवयींमुळे धोका आहे. प्रौढांसाठी ८० डेसिबेलचा आवाज आठवड्याला ४० तास, ही तिने सांगितलेली मर्यादा. पुढच्या प्रत्येक ३ डेसिबेलला हा वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ डेसिबेलला २० तास. मागची घरघर गेली की तेच गाणे बऱ्याच खालच्या आवाजात नीट ऐकू येते आणि ही मर्यादा पाळणे सोपे जाते. अर्थात आवाज खरोखर कमी ठेवला तरच. शांततेत गाणे पूर्वीइतकेच मोठे ठेवले, तर ही संधी वाया जाते.

तेच मायक्रोफोन आणि तीच चिप उलट्या कामालाही जुंपता येतात. ‘ट्रान्स्परन्सी’ सोयीत बाहेरचा आवाज मुद्दाम आत घेतला जातो, म्हणजे हेडफोन न काढता बोलता येते. हीच वाट पुढे श्रवणयंत्रापर्यंत गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘एअरपॉड्स प्रो’च्या दुसऱ्या पिढीसाठी श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरला मान्यता दिली. ही सोय त्या वेळी भारतात उपलब्ध नव्हती. तेव्हा बंगळुरूच्या काही तरुण तंत्रज्ञांनी आजीसाठी एक खटपट केली: ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याने मढवलेला पिंजरा आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांच्या साह्याने त्यांनी बाहेरचे वायफाय संकेत अडवले, उपकरणाला आपण अमेरिकेत असल्याचे भासवले आणि सोय सुरू करून घेतली. सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या, १८ वर्षांवरील व्यक्तींपुरतीच ती मान्यता आहे. तीव्र बहिरेपणासाठी किंवा लहान मुलांसाठी कानाची तपासणी करून, श्रवणतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच यंत्र घ्यावे लागते.