रंगीत भुकटीची कुळकथा

लेझर प्रिंटर म्हटलं की सगळं श्रेय लेझरच्या पदरात पडतं. कागदावर मात्र लेझर उतरत नाही, उतरते ती टोनरची भुकटी. रंगीत छपाई सुधारली कशी, हे पाहायचं तर या भुकटीचाच माग काढायला हवा.

तो माग न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागातल्या एका भाड्याच्या खोलीत पोचतो. दिवस २२ ऑक्टोबर १९३८. चेस्टर कार्लसन एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरीला होता आणि कागदपत्रांच्या नकला करवून घेण्याला विटला होता. मदतीला ऑटो कॉर्नाई. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिलेला. तो अंधारात रुमालाने घासला, की त्यावर विद्युतभार चढे. काचेच्या पट्टीवर शाईने तारीख आणि ॲस्टोरिया हे नाव लिहून ती पत्र्यावर ठेवली आणि काही सेकंद प्रखर दिवा लावला. उजेड पडला तिथला भार ओसरला, अक्षरांच्या सावलीतला टिकला. मग त्यावर लायकोपोडियमची पिवळसर भुकटी टाकून जास्तीची फुंकून दिली. अक्षरांपुरती भुकटी चिकटून राहिली. ती मेणकागदावर उचलली, आणि झाली कोरडी नक्कल. ही भुकटी म्हणजे चक्क एका वनस्पतीचे बीजाणू. टोनरचा मूळपुरुष तोच.

वीसेक कंपन्यांनी कार्लसनला वाटेला लावलं. १९४४ साली बॅटल संस्थेने आणि १९४७ साली रॉचेस्टरच्या हॅलॉइड कंपनीने (हीच पुढे झेरॉक्स झाली) ही कल्पना हाती घेतली, आणि १९५९ साली झेरॉक्स ९१४ हे यंत्र बाजारात आलं. बीजाणूंची जागा तोवर काजळी मिसळलेल्या राळेने घेतली होती. राळ तापली की वितळते आणि कागदाच्या धाग्यांत रुतून बसते.

लेझर या घराण्यात उशिरा आला. गॅरी स्टार्कवेदर या झेरॉक्समधल्या अभियंत्याला १९६७च्या सुमारास सुचलं, की मूळ कागदाची प्रतिमा टाकण्याऐवजी संगणकाच्या हुकमाने लुकलुकणारा लेझरचा किरणच ड्रमवर, म्हणजे भार धरणाऱ्या पत्र्याची जागा घेतलेल्या फिरत्या नळकांड्यावर, फिरवावा. वरिष्ठांना ते पटेना. तेव्हा १९७१ साली तो कंपनीच्याच कॅलिफोर्नियातल्या नव्या संशोधन केंद्रात गेला आणि तिथे यंत्र उभं केलं. १९७७चं झेरॉक्स ९७०० मिनिटाला १२० पानं छापत होतं. १९८४ साली ह्युलेट-पॅकार्डने कॅननच्या यंत्रणेवर बेतलेला लेझरजेट आणला आणि ही करामत टेबलावर मावू लागली.

हे सगळं काळ्या रंगापुरतं. काळी भुकटी मुळात सोशिक. ती अपारदर्शक असली तरी चालते. तिच्यात लोहाच्या ऑक्साइडची भुकटी मिसळून ती चुंबकाने खेचता येते, त्यामुळे यंत्रही सोपं होतं. रंगीत भुकटीला यातलं काही परवडत नाही. लोह मिसळलं की पिवळा मळतो. शिवाय निळसर, किरमिजी आणि पिवळा हे थर एकावर एक चढतात आणि प्रकाशाला त्यांतून आरपार जावं लागतं. म्हणून प्रत्येक थर काचेसारखा नितळ वितळायला हवा. नीट वितळलेली भुकटी तापलेल्या रुळाला चिकटू पाहते, म्हणून सुरुवातीच्या यंत्रांत त्या रुळाला सिलिकॉनचं तेल लावत. पान तुकतुकीत दिसे, पण त्यावर पेन धड चालत नसे.

वेगाची रड आणखी वेगळी. ड्रम एकच असल्याने चार रंगांसाठी चार फेऱ्या व्हायच्या. १९९४चा कलर लेझरजेट काळी पानं मिनिटाला १० काढायचा आणि रंगीत फक्त २. किंमत सात हजार डॉलरांच्या वर!

यावर तोडगा निघाला तो चार ड्रम एका ओळीत बसवून. खालून पट्टा सरकतो, प्रत्येक ड्रम आपला रंग देतो आणि पान एकाच फेरीत पुरं होतं. रंगीत पानाचा वेग काळ्याच्या बरोबरीला आला. पण चार ड्रम म्हणजे चार वेगळे हात. एखादा केसभर सरकला, तरी अक्षराला रंगाची किनार दिसते. म्हणून यंत्र मधूनमधून पट्ट्यावर स्वतःसाठी खुणा छापतं, संवेदकाने त्या वाचतं आणि चूक दुरुस्त करून घेतं. प्रिंटर अचानक काम थांबवून घुरघुरत बसतो, तो अनेकदा याच कामात असतो. उगाच शिव्या खातो बिचारा.

माझ्या मते खरी झेप मात्र भुकटीनेच घेतली. पूर्वी राळ आणि रंग एकत्र वितळवून, थंड करून दळत. दळलेले कण ओबडधोबड, लहानमोठे. नंतर कण पाण्यात वाढवायची रासायनिक रीत आली. अतिसूक्ष्म कण एकमेकांना चिकटवत हव्या त्या आकाराचा, जवळपास गोल दाणा तयार करायचा आणि मेण त्याच्या पोटातच ठेवायचं. दाणा साधारण पाच-सहा मायक्रॉनचा आणि सगळे सारखे. त्यामुळे ठिपक्यांच्या कडा स्वच्छ आल्या, थर पातळ झाला, तेलाची गरज संपली आणि कमी उष्णतेत काम भागू लागलं. प्रिंटरची बहुतेक वीज भुकटी वितळवण्यातच जाते, तेव्हा चित्र सुधारलं आणि वीज वाचली ती एकाच दाण्यामुळे.

खोक्यावर छापलेला ठिपके प्रतिइंचाचा आकडा म्हणूनच अर्धीच गोष्ट सांगतो. ६०० ठिपक्यांच्या हिशेबात एका ठिपक्याला सुमारे ४२ मायक्रॉन जागा मिळते. तिथे भुकटीच जाडीभरडी असेल, तर लेझर कितीही बारीक फिरवा, चित्र रवाळच येणार.

छपाई इतकी सुधारली, की खोट्या नोटांची धास्ती निर्माण झाली. म्हणून अनेक रंगीत लेझर यंत्रं पानावर डोळ्याला न दिसणारे पिवळे ठिपके गुपचूप छापतात. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने २००५ साली झेरॉक्सच्या डॉक्युकलर यंत्राचे ठिपके उलगडले, तेव्हा त्यांत यंत्राचा क्रमांक, तारीख आणि वेळ निघाली.

शेवटी एक कामाची सूचना. टोनर कपड्यावर सांडला तर आधी कोरडाच झटका, मग थंड पाण्याने धुवा. गरम पाणी अजिबात लावू नका. ही भुकटी वितळून चिकटण्यासाठीच बनवलेली असते.