बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव का होतो?

बाळंतपणानंतर काही दिवस अंगावरून जाणे नैसर्गिक आहे. मात्र प्रसूतीनंतर 24 तासांत 500 मिलीहून जास्त रक्त गेल्यास जिवाला धोका असतो. मुख्य कारणे चार:

1. गर्भपिशवी नीट न आकसणे. हे सर्वांत जास्त आढळते. जुळे, मोठे बाळ किंवा लांबलेल्या कळांनंतर शक्यता वाढते.
2. वारेचा तुकडा आत राहणे. यामुळे घरी आल्यावरही रक्तस्राव होऊ शकतो.
3. योनिमार्ग, गर्भपिशवी किंवा तिच्या तोंडाला इजा होणे.
4. रक्त न गोठणे.

तासाभरात पॅड पूर्ण भिजले, मोठ्या गाठी पडल्या, चक्कर किंवा थंड घाम आला, तर ‘बाळंतिणीला असे होतेच’ म्हणून थांबू नका. मेढ्याच्या आसपासच्या डोंगरातील गावांतून रुग्णालय गाठण्यातच वेळ जातो. लगेच 108 ला फोन करा.