नावाच्या शेवटी गाव

गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत पाथरीहून मामांचा फोन आला. बँकेच्या नावाने एक संदेश आला होता, त्यातल्या दुव्यावर त्यांनी माहिती भरली आणि अर्ध्या तासात निवृत्तिवेतनाची साठवलेली रक्कम खात्यातून गेली. मामा तालुक्यात तीस वर्षे शिक्षक होते. न वाचता सही करणारा हा माणूस नव्हे. ते एवढेच म्हणाले, "अरे, शेवटी 'इन' लिहिलेलं होतं की. म्हणजे आपल्याच देशाचं झालं ना?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मी पुण्यात जपानी कंपन्यांच्या कागदपत्रांचे भाषांतर करतो. नव्या पुरवठादाराचे पत्र आले की माझे जपानी सहकारी ईमेलच्या पत्त्याचे शेपूट आधी पाहतात. तिथे 'सीओ डॉट जेपी' असले की ते थोडे निश्चिंत होतात. म्हणजे मामांनी जे केले तेच तेही करत होते. मग त्यांचा विश्वास सार्थ आणि मामांचा फसवा, असे का?

संगणकांच्या जाळ्यात देशांना दोन अक्षरी नावे मिळाली ती १९८० च्या दशकात. जपानचे 'जेपी' १९८६ साली प्राध्यापक जुन मुराई यांच्याकडे सोपवले गेले. पुढे त्याचे पोटविभाग झाले: विद्यापीठांना 'एसी', सरकारी खात्यांना 'जीओ' आणि कंपन्यांना 'सीओ'. 'सीओ डॉट जेपी' हे नाव जपानमध्ये कायदेशीर नोंदणी झालेल्या कंपनीलाच मिळते, आणि तेही साधारणपणे एका कंपनीला एकच. २००१ पासून जपानमध्ये पत्ता असलेल्या कोणालाही नुसते 'जेपी' घेता येऊ लागले, पण 'सीओ'चे दार तसेच राखलेले राहिले. जपानी माणूस विश्वास ठेवतो तो त्या दोन अक्षरांवर नव्हे, तर ती देण्याआधी कंपनीची नोंद कोणीतरी तपासली आहे यावर.

आपल्या 'इन'ची कथा मुंबईत सुरू होते. १९८९ साली हे नाव भारताला मिळाले आणि पुढची अनेक वर्षे जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून त्याचा कारभार चाले. नियम कडक होते, त्यामुळे नावे थोडी होती. २००५ च्या जानेवारीत हा कारभार 'निक्सी' या संस्थेकडे आला आणि दार उघडले. तेव्हापासून जगातला कोणीही पैसे भरून 'इन' घेऊ शकतो. प्रसाराच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण 'इन' म्हणजे भारतातला, ही मामांची समजूत त्याच दिवशी जुनी झाली.

खरे तर नावाच्या शेवटी गाव लावण्याची रीत आपल्याला नवी नाही. पाथरीकर, परभणीकर, सेलूकर: 'कर' हा प्रत्यय हेच काम करतो. आपला टपालाचा पत्ताही धाकट्याकडून थोरल्याकडे जातो: आधी माणूस, मग गल्ली, मग पाथरी, मग जिल्हा परभणी. जाळ्यावरचा पत्ता याच क्रमाने लिहितात, म्हणून खरा मालक ओळखायचा तर तो उजवीकडून वाचावा लागतो. गंमत अशी की जपानी टपाली पत्ता याच्या उलट चालतो: प्रांत आधी, माणूस शेवटी.

गावाच्या नावाला किती वजन असते हे पाथरीइतके दुसऱ्या गावाला क्वचितच ठाऊक असेल. फरिश्ताच्या इतिहासानुसार अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात बुऱ्हाण निजामशहाने हे गाव वऱ्हाडच्या इमादशहाकडे मागितले, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला आणि नकार मिळाल्यावर लढून घेतले. पुढे अकबराच्या काळात पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार होते. अगदी अलीकडे, जानेवारी २०२० मध्ये, पाथरी साईबाबांचे जन्मस्थान म्हणून विकसित करण्याची घोषणा झाली तेव्हा शिर्डीने बंद पाळला. मूळ गाव कोणते, हा प्रश्न राजालाही सुटत नाही आणि भक्तालाही.

पण आपल्या पूर्वजांनी नुसत्या नावावर विश्वास ठेवला नाही, हे इथे महत्त्वाचे. वतनाचा तंटा निघाला की गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर होई. त्यावर पाटील नांगराची निशाणी करी, शेट्या तराजूची. 'मी अमक्या गावचा' हे सांगणाऱ्याचे बोलणे पुरेसे नसे. गावाने ते मान्य केल्याची खूण लागे. व्यापारातही तेच. शहाजोग हुंडीचे पैसे कोणाच्याही हाती पडत नसत. पेठेत पत असलेल्या 'शहा'लाच ते मिळत. हुंडी चोरीला गेली तरी चोराला आधी असा शहा गाठावा लागे. निजामी अमलात आमच्या आजोबांची पिढी हाली आणि कलदार असे दोन रुपये हाताळत वाढली. नुसते 'रुपया' म्हणून भागत नसे, कोणता ते पाहूनच सौदा होई.

तराजूची ती निशाणी आता वेगळ्या रूपात परत येते आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी 'बँक डॉट इन' हे राखीव नाव जाहीर केले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांनी त्यावर यावे अशी मुदत घातली. नोंदणीचे काम हैदराबादच्या 'आयडीआरबीटी' या संस्थेकडेच दिले. बँक नसलेल्याला हे नाव मिळत नाही. जपानने 'सीओ'पुढे जो पहारा बसवला, तो आपण बँकांपुरता बसवला.

देशाचे नाव मात्र याहून सैलपणेही वापरले जाते. टोयोटा मायदेशी 'टोयोटा डॉट जेपी' लावते. इथे किर्लोस्करांबरोबरच्या तिच्या कंपनीचे संकेतस्थळ 'टोयोटाभारत डॉट कॉम' आहे. 'भारत' हा शब्द आपुलकी निर्माण करतो, पण तो डावीकडे असल्याने त्याची तपासणी कोणी केलेली नसते. इथे विश्वास आहे तो कंपनीच्या नावावर. ठकसेनही नेमकी हीच डावी बाजू वापरतो. मामांच्या दुव्यातही बँकेचे नाव डावीकडे होते, आडवी रेघ मारून जोडलेले, आणि उजवीकडे फक्त 'इन'.

दिवाळीपूर्वी पाथरीला गेलो तेव्हा हे सगळे मामांना सांगितले. गेलेली रक्कम परत आलेली नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, वहीत 'बँक डॉट इन' लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि विचारले, "आणि फोन आला तर? त्याच्या शेवटी काय बघायचं?"

फोनला शेपूट नसते. मी म्हणालो, "मामा, फोन ठेवायचा आणि शाखेत जाऊन विचारायचं." त्यांनी तेही लिहून घेतले.