एकच ॲटिकस फिंच दोन कादंबऱ्यांत इतका वेगळा का?

हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड'मधला वकील ॲटिकस फिंच म्हणजे अनेकांसाठी न्यायाचं प्रतीक. पण २०१५ मध्ये आलेल्या 'गो सेट अ वॉचमन'मध्ये हाच ॲटिकस वंशभेदाची बाजू घेतो. लाडकं पात्र बदललं कसं?

दोन पुस्तकांत फरक काय?

दोन्ही कथा अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या मेकॉम्ब या काल्पनिक गावातल्या.

• 'मॉकिंगबर्ड': काळ १९३० च्या दशकाचा. स्काउट लहान आहे. बलात्काराचा खोटा आरोप झालेल्या टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय तरुणाचा खटला ॲटिकस लढवतो. ज्युरी टॉमला दोषी ठरवते.

• 'वॉचमन': सुमारे २० वर्षांनंतरचा काळ. २६ वर्षांची स्काउट न्यूयॉर्कहून घरी येते. भाऊ जेम वारला आहे. कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांना विरोध करणाऱ्या बैठकीत तिला वडील दिसतात. जुन्या खटल्याचा उल्लेखही येतो, पण इथे आरोपी निर्दोष सुटलेला असतो!

मग हा सिक्वेल आहे का?

नाही. 'वॉचमन' नंतर छापली गेली, पण लिहिली गेली आधी. १९५७ मध्ये ती लिपिनकॉट या प्रकाशनसंस्थेकडे गेली. संपादक टे होहॉफ यांच्या मार्गदर्शनाखाली ली यांनी स्काउटच्या बालपणावर भर देत पुन्हा लेखन केलं. त्यातून १९६० मध्ये 'मॉकिंगबर्ड' आली आणि १९६१ मध्ये तिला पुलित्झर मिळालं. म्हणूनच काही वर्णनं दोन्हीकडे जवळपास सारखी आहेत, तर खटल्याचा निकाल उलटा.

दोन्ही ॲटिकस एकच असू शकतात?

काही वाचकांना तसं वाटतं. 'मॉकिंगबर्ड'मध्ये आपण वडिलांना लहानग्या स्काउटच्या नजरेतून पाहतो आणि त्या वयात वडील हिरोच वाटतात. शिवाय कोर्टात एखाद्याचा बचाव करणं वेगळं, त्याला शाळेत आणि मतदानात बरोबरीचा हक्क देणं वेगळं. शाळांमधला वंशभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दिला. त्यानंतर दक्षिणेतल्या अनेक गोऱ्यांनी या बदलाला कडाडून विरोध केला होता.

पण खटल्याचे दोन उलटे निकाल नजरेच्या फरकाने जुळत नाहीत.

मग वाचायचं कसं?

'वॉचमन'ला आधीचा खर्डा मानलं, तर ॲटिकसचा 'खरा चेहरा' उघड झाला असं म्हणता येत नाही. तरीही ती वाचायला हवी. वडिलांना देव मानणारी मुलगी त्यांच्याशी भांडून स्वतःचं मत ठरवते, हाच तिचा विषय आहे. ॲटिकसला आदर्श मानणाऱ्या वाचकालाही तेच करावं लागतं.