अमेरिकन कॉलेजचे चाहते, खेळाडू मुलं आणि घरचे : भेटीगाठींचे आणि भेटवस्तूंचे नियम

अमेरिकेतला कॉलेजचा खेळ आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसारखा नसतो. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल स्टेडियममध्ये एका वेळी एक लाखाहून जास्त लोक बसतात. सामने टीव्हीवर दिसतात, कोचला कोट्यवधींचा पगार मिळतो आणि गावंच्या गावं आपल्या कॉलेजच्या रंगाचे टी-शर्ट घालून फिरतात. साहजिकच हायस्कूलमधला एखादा मुलगा किंवा मुलगी चांगली खेळायला लागली की तिला आपल्याकडे ओढण्यासाठी कॉलेजांची चढाओढ सुरू होते. अशा मुलांना तिथे 'रिक्रूट' म्हणतात. कॉलेजचा कोच त्यांच्या घरी येतो, हे ठीक. पण कॉलेजचे चाहतेही येऊ पाहतात आणि नियमांचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

आपल्या नात्यागोत्यातली कितीतरी कुटुंबं आज अमेरिकेत आहेत, त्यांची मुलं तिथल्या शाळांत खेळतात. भारतातूनही मुलं खेळाच्या जोरावर तिथल्या कॉलेजांत गेली आहेत. टेनिसपटू सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीकडून खेळला आणि २००७ व २००८ असं सलग दोनदा कॉलेज एकेरीचं अजिंक्यपद त्याने जिंकलं. उंच उडीतला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकला. पालक आम्हा शिक्षकांकडे स्कॉलरशिपची चौकशी करतात तेव्हा मार्क, फी, व्हिसा सगळं विचारतात. 'मुलाला कोणाकडून काय घेता येतं?' हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. ते विचारायला हवं, कारण इथे नियम चाहता मोडतो आणि खेळायचं थांबतं मुलाचं.

नियम कोण करतं?

एनसीएए नावाची संस्था. तिची सुरुवात १९०६ मध्ये झाली, मुख्यालय इंडियानापोलिस शहरात आहे आणि साधारण ११०० कॉलेजं-युनिव्हर्सिट्या तिच्या सभासद आहेत. सभासद कॉलेजांचे तीन विभाग आहेत. पहिला विभाग सगळ्यांत पैसेवाला. तिसऱ्या विभागात खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. आम्ही इथे मुख्यतः पहिल्या विभागाचे नियम सांगत आहोत. एनसीएए ही सरकारी यंत्रणा नाही, त्यामुळे तिचा नियम मोडला म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. पण ती कॉलेजला शिक्षा करू शकते आणि खेळाडूला अपात्र ठरवू शकते.

'बूस्टर' म्हणजे कोण?

नियमांच्या भाषेत हा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा. कॉलेजच्या खेळ विभागाला देणगी देणारा, चाहत्यांच्या मदत मंडळाचा सभासद झालेला, रिक्रूट आणायला कोचने ज्याची मदत मागितली तो, खेळाडूंना काही सोयी मिळवून देणारा किंवा इतर मार्गाने त्या कॉलेजच्या खेळाचा प्रचार करणारा, हे सगळे बूस्टर. माणूस असो की दुकान किंवा कंपनी, फरक पडत नाही. काही कॉलेजं खबरदारी म्हणून सगळ्या माजी विद्यार्थ्यांना आणि हंगामाचं तिकीट घेणाऱ्यांनाही यातच धरतात.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. एकदा बूस्टर झालेला माणूस कायमचा बूस्टर. दहा वर्षांपूर्वी दिलेली देणगीसुद्धा मोजली जाते.

मूल 'रिक्रूट' कधी ठरतं?

आपल्याला वाटतं, बारावीत गेल्यावर. तसं नाही. नववीचा वर्ग सुरू झाला की मूल नियमात आलं. मुलांच्या बास्केटबॉलमध्ये तर सातवीपासून. त्याहून लहान मुलाला कॉलेजने इतरांना न मिळणारी मदत दिली, तरी ते मूल नियमात येतं. मूल म्हणजे एकटं मूल नव्हे. आई-वडील, पालक, जवळचे नातेवाईक या सगळ्यांना नियम लागू होतात. अब्बांना लावून दिलेली नोकरी ही मुलाला दिलेलीच भेट समजतात.

काय चालत नाही?

'आमच्या कॉलेजात ये' म्हणून पटवण्याचं काम फक्त कॉलेजच्या अधिकृत लोकांचं. त्यांच्यावरही वेळेचं बंधन असतं. बऱ्याच खेळांत मुलाची दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनच्या आधी कोच त्याच्याशी बोलू शकत नाही, आणि वर्षातले काही काळ असे असतात की समोरासमोर भेटायलाच पूर्ण मनाई असते. बूस्टरला मात्र या कामासाठी कुठल्याच काळात मुभा नाही. समोर भेटून नाही, फोनवर नाही, पत्र-ईमेलने नाही आणि सोशल मीडियावरही नाही.

देण्या-घेण्याचे नियम तर फार बारीक आहेत. रोख रक्कम, कर्ज, कर्जाला जामीन, कपडे, बूट, मोबाइल, गाडी, फुकटचं किंवा स्वस्तातलं भाड्याचं घर, विमानाचं तिकीट, सामन्याचे पास, हॉटेलातलं जेवण, नातेवाइकाला नोकरी. यातलं काहीही मूल चांगलं खेळतं म्हणून मिळत असेल तर ते चालत नाही. 'इतर कोणत्याही मुलाला हे असंच मिळालं असतं का?' हा साधा प्रश्न विचारून बघायचा. उत्तर नाही असेल तर थांबायचं.

साध्या चाहत्यानेही सांभाळून राहावं लागतं. जॉन वॉल नावाचा नावाजलेला बास्केटबॉल खेळाडू हायस्कूलमध्ये असताना, २००९ मध्ये, नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या एका विद्यार्थ्याने 'आमच्याकडे ये' म्हणणारा फेसबुक ग्रुप काढला. युनिव्हर्सिटीने स्वतःच्याच त्या विद्यार्थ्याला लेखी इशारा दिला. वॉल शेवटी केंटकीला गेला.

काय चालतं?

सगळंच बंद आहे असंही समजू नका. बूस्टर स्वतःहून हायस्कूलचा सामना बघायला जाऊ शकतो, टाळ्या वाजवू शकतो. चांगला खेळाडू दिसला तर कोचला त्याचं नाव कळवू शकतो. दुकानात किंवा रस्त्यात अचानक गाठ पडली तर सलाम-दुआ करायला कोणी अडवत नाही, फक्त कॉलेजचा विषय काढायचा नाही.

जुन्या ओळखीलाही सूट आहे. शेजारी, वडिलांचे जुने दोस्त, वर्षानुवर्षं घरी येणारे लोक बूस्टर असले तरी संबंध तोडायची गरज नाही. मूल खेळाडू म्हणून पुढे येण्याआधीपासून जसं येणं-जाणं होतं, तसंच ते चालू राहू शकतं. दरवर्षी दावतीला येणारे चाचा याही वर्षी आले तर त्यात काही वावगं नाही. पण आजवर ईदी म्हणून दहा डॉलर देणाऱ्या चाचांनी मूल प्रसिद्ध झाल्यावर लॅपटॉप दिला, तर प्रश्न विचारला जाणारच. आपल्याकडे प्रेमाने दिलेली भेट परत करणं वाईट दिसतं. तरीही इथे नम्रपणे नाही म्हणावं लागतं.

चूक एकाची, नुकसान दुसऱ्याचं

हे नियम इतके कडक का झाले, ते जुनी प्रकरणं बघितल्यावर समजतं. टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीत एका बूस्टरच्या पैशातून १३ फुटबॉल खेळाडूंना एकूण सुमारे ६१ हजार डॉलर वाटले गेले. एनसीएएने १९८७ चा पूर्ण हंगाम रद्द केला. १९८८ मध्येही संघ उतरला नाही. ज्या मुलांनी एक पैसाही घेतला नव्हता, त्यांनाही दुसरीकडे जागा शोधावी लागली.

मिशिगनमध्ये एड मार्टिन नावाच्या बूस्टरने क्रिस वेबरसह चार बास्केटबॉल खेळाडूंना मिळून ६ लाख १६ हजार डॉलर दिल्याचं उघड झालं. २००२ मध्ये युनिव्हर्सिटीने त्या काळातले विजय स्वतःहून रद्द केले आणि सभागृहातले सन्मानाचे झेंडे उतरवले.

पण पालकांनी सगळ्यांत जास्त लक्ष द्यावं असं प्रकरण जेम्स वाइझमनचं आहे. बास्केटबॉलचा माजी स्टार पेनी हार्डवे याने २००८ मध्ये आपल्या जुन्या मेम्फिस युनिव्हर्सिटीला दहा लाख डॉलर देणगी दिली. २०१७ मध्ये तो मेम्फिसमधल्या एका हायस्कूल संघाचा कोच होता. तेव्हा वाइझमनचं कुटुंब नॅशविलहून मेम्फिसला राहायला आलं आणि सामान हलवण्याच्या खर्चासाठी हार्डवेने मुलाच्या आईला ११,५०० डॉलर दिले. पुढे हार्डवे मेम्फिस युनिव्हर्सिटीचा कोच झाला आणि वाइझमनही तिथेच दाखल झाला. २०१९ मध्ये एनसीएएने म्हटलं, २००८ च्या देणगीमुळे हार्डवे बूस्टर होता, म्हणून ही मदत नियमबाह्य. मुलाला १२ सामन्यांची बंदी आणि ११,५०० डॉलर दानधर्माला देण्याची अट. मदत मिळाल्याचं मुलाला माहीतही नव्हतं, असं युनिव्हर्सिटीचं म्हणणं होतं. तीन सामने खेळून त्याने कॉलेज सोडलं. २०२२ मध्ये स्वतंत्र समितीने हार्डवेला दोष दिला नाही. पण तोवर मुलाचं कॉलेजचं खेळणं कधीच संपलं होतं. तो गुणी होता, २०२० मध्ये थेट व्यावसायिक एनबीएमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. प्रत्येक मुलाच्या नशिबी असा दुसरा दरवाजा नसतो.

२०२१ नंतर काय बदललं?

१ जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना आपलं नाव, चेहरा आणि ओळख वापरून जाहिरातीतून पैसे कमावता येतात. याला तिथे 'एनआयएल' म्हणतात. त्यानंतर बूस्टर लोकांनी एकत्र येऊन निधी उभे केले आणि खेळाडूंशी करार सुरू केले. कॉलेज निवडण्याआधी रिक्रूटशी अशा पैशांची बोलणी करायला एनसीएएची बंदी होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये टेनेसीतल्या फेडरल कोर्टाने ती बंदी रोखली.

जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या मोठ्या तडजोडीनंतर कॉलेजं स्वतःच खेळाडूंना उत्पन्नातला वाटा देऊ शकतात. बाहेरच्यांशी केलेला ६०० डॉलर किंवा त्याहून जास्तीचा करार नोंदवावा लागतो. बूस्टरशी करार असेल तर त्यामागे खरं काम आणि रास्त मोबदला आहे का, हे तपासलं जातं.

म्हणजे पैसे घेण्याचा एक उघड रस्ता तयार झाला आहे. पण तो लेखी कराराचा, नोंदणीचा रस्ता आहे. हातात ठेवलेलं पाकीट आणि 'असू द्या, घरच्यांसाठी आहे' म्हणून दिलेली मदत आजही तितकीच धोक्याची.

घरच्यांनी काय करावं?

पहिलं, प्रत्येक कॉलेजात नियम सांभाळणारं कम्प्लायन्स ऑफिस असतं. काहीही घेण्याआधी तिथे ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी 'चालतं हो' वर विसंबू नका.

दुसरं, मदत देणारा कोण आहे, त्या कॉलेजशी त्याचा कधी संबंध होता का, हे स्पष्ट विचारा. विचारण्यात बेअदबी नाही.

तिसरं, अनोळखी चाहत्यांच्या मेसेजना मुलाने उत्तर देऊ नये. घरातल्या एकाच मोठ्या माणसाने बोलणी सांभाळावीत, आणि कोणी काय देऊ केलं ते मुलालाही सांगावं.

चौथं, भारतातून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना काम करून कमावण्यावर बंधनं असतात. एनआयएल करार एनसीएएला चालला तरी व्हिसाला अडचणीचा ठरू शकतो. सही करण्याआधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारा. हायस्कूलमधल्या मुलांसाठी प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत, तेही बघा.

पाचवं, तालीम सोडू नका. पहिल्या विभागात खेळायला हायस्कूलचे ठरावीक १६ विषय आणि त्यांत किमान २.३ सरासरी लागते. चाहत्यांपासून मूल जपलं आणि इथे कमी पडलं, तरी स्कॉलरशिप जातेच.

आणि अमेरिकेत राहणारे आपले जे लोक स्वतः कॉलेजच्या संघाचे शौकीन आहेत, त्यांनाही एवढंच सांगणं : मूल आवडलं तर गॅलरीत बसून मनसोक्त टाळ्या वाजवा. त्याच्या घरी पाकीट घेऊन जाऊ नका.