पावसाचे थेंब टिपणारा कागद

दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने हुडकण्यासाठी रडार वापरात आले. त्याच्या पडद्यावर विमानांखेरीज पावसाचेही ठिपके उमटत आणि पाहणाऱ्यांना ती अडचणच वाटे. कॅनडाच्या लष्कराने मात्र १९४३ मध्ये या अडचणीचाच अभ्यास सुरू केला. त्याचे प्रमुख होते पदार्थविज्ञानाचे अभ्यासक जे. स्ट्युअर्ट मार्शल.

पाऊस कोठे पडतो हे पडद्यावर दिसे. किती पडतो हे कळत नसे. रडार पाणी मोजीतच नाही. थेंबांवरून परतलेल्या लहरींची शक्ती तेवढी ते मोजते आणि ती थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातानुसार बदलते. आमच्या दहावीच्या मुलांनी हे गणित अवश्य करून पाहावे. दोन मिलिमीटर व्यासाच्या एका थेंबाइतकी लहर परतविण्यास एक मिलिमीटरचे ६४ थेंब लागतात. पण त्या मोठ्या थेंबात पाणी असते फक्त ८ लहान थेंबांएवढे! मग नुसत्या उजेडावरून पाऊस ओळखावा कसा?

१९४६ च्या उन्हाळ्यात ओटावा येथे रंग दिलेले गाळणकागद पावसात धरण्यात आले. प्रत्येक थेंबाचा डाग उमटे, डागावरून थेंबाचा आकार कळे. डाग मोजण्याचे काम किती कंटाळवाणे असेल! पण त्यातूनच मार्शल व त्यांचे सहकारी वॉल्टर पामर यांनी १९४८ मध्ये थेंबांच्या आकारांचा नियम मांडला. लहान थेंब पुष्कळ, मोठे झपाट्याने कमी; पाऊस वाढला की मोठ्यांचे प्रमाण वाढते. लहरींच्या शक्तीवरून ताशी किती मिलिमीटर पाऊस, हे काढण्याचे त्यांचे सूत्र अजून वापरात आहे.

चित्र दूरच्या कार्यालयात पोचविणे हा वेगळाच प्रश्न होता. अमेरिकेत रडारजवळचा माणूस पडद्यावरील आकृती पेन्सिलीने उतरवून ती सांकेतिक आकड्यांत टेलिप्रिंटरवर कळवी. पुढे संगणक आला. चित्राचे चौकोन पाडून प्रत्येकाला एक आकडा दिला की आकडे तारेवरून धाडता येतात. मोबाइलवर आपण पाहतो ते रंगीत नकाशे म्हणजे असेच आकडे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे पालक विचारतील. २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला सुमारे ७४! कुलाब्याचा पर्जन्यमापक पाहणाऱ्याला उपनगरांतील हाहाकाराची कल्पना कोठून यावी? मुंबईला डॉप्लर रडार त्यानंतर मिळाले. वेरावलीचे दुसरे २०२२ मध्ये सुरू झाले. अर्थात रडारही फसते. उंचावरील अर्धवट वितळलेले हिमकण त्याला मुसळधार पावसासारखे भासतात, म्हणून त्याचे आकडे आजही जमिनीवरील पर्जन्यमापकाशी ताडून पाहतात.